परतीचा खण

“...पण मग तिलाच का, चाचा?”

दस्तगीरचाचा नव्या पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडत होते. गाठ नखानं सुटेना, म्हणून त्यांनी ती दातात धरली.

“मी एम.ए. आहे. ती बारावी. तीही मार्चला नाही, ऑक्टोबरला.”

“हं.”

“मी तीन वर्षं इथं आहे. ती पंधरा महिने.”

“हं.”

“मग खुर्ची तिला का?”

गाठ सुटली. चाचांनी सुतळीची बोटांभोवती गुंडाळी केली आणि खिशात टाकली.

“चहा सांगू?” ते म्हणाले.

कावेरी नरगुंदेच्या अंगाचा तिळपापड झाला.

मिरजेत स्टेशनकडून दर्ग्याकडे जाताना डाव्या हाताला हे दुकान. दारात एक वेताची खुर्ची, खुर्चीसमोर एक स्टूल. गिऱ्हाईक येतं, स्टुलावर टेकतं आणि म्हणतं, “काहीतरी सांगा वाचायला.” खुर्चीवरच्या माणसानं सांगायचं. यादी नाही, जाहिरात नाही. आपल्याला जे आवडलं, तेच सांगायचं.

चाळीस वर्षं त्या खुर्चीवर दस्तगीर बागवान बसले. गर्दी असली की आतल्या रॅकपाशी कावेरी आणि मंगल दोघी सांगत. पण ते आत, उभ्यानं. खुर्ची ती खुर्ची. आता चाचांच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. हुबळीला मुलीकडे जाऊन दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं, म्हणजे चार महिन्यांची निश्चिंती. सोमवारी सकाळी त्यांनी दोघींना बोलावलं आणि सांगितलं, “शनिवारपासून खुर्चीवर मंगल बसंल.”

एवढंच. पंखा बंद करा म्हणावं, तसं.

आणि मंगल चौगुले! पंधरा महिन्यांपूर्वीपर्यंत ब्लाउजच्या दुकानात काजं-बटणं करणारी. बोलायला लागली की समोरच्या सायकलवाल्याला ऐकू जायचं. कावेरीला मोठ्या आवाजाची धडकी भरायची. मंगल नुसती “ताई!” म्हणाली तरी कावेरीच्या हातातली कात्री खाली पडायची.

“ताई, शनिवारपासनं मला धाक दाखवायला कोण न्हाई,” मंगल तेव्हा म्हणाली होती. “तुम्हीच दाखवा थोडा.”

गमतीनंच म्हणाली होती. पण ती गंमत कावेरीच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकली.

आता मंगल पाणी भरायला गेली होती. विचारायचं तर आत्ताच.

“माझं काही चुकलं का?” कावेरी म्हणाली. “कुणी तक्रार केली?”

“न्हाई.”

“मग?”

चाचा उठले. गुडघा धरून, एक एक पाऊल टाकत ते मागच्या भिंतीतल्या कपाटापाशी गेले आणि कपाट उघडलं.

दुकानाची एक रीत होती. जो पुस्तक सांगेल, त्यानं त्याच्या शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं आपलं नाव लिहायचं. वाचणाऱ्याला नाही आवडलं, तर महिन्याच्या आत त्यानं ते आणून द्यायचं आणि बदली दुसरं न्यायचं. परत आलेलं पुस्तक सांगणाऱ्याच्या खणात जायचं. कपाटात तीन खण होते. एक चाचांचा, एक कावेरीचा, एक मंगलचा.

मंगलच्या खणात पुस्तकं उभी मावत नव्हती, म्हणून वर आडवी खुपसलेली. कपाट उघडताच एक घसरून चाचांच्या पायावर पडलं.

कावेरीचा खण रिकामा होता. तळाला पांढरा कागद, तोही सुरकुती नसलेला. रोज सकाळी देवाच्या फळीवरून फिरवावं तसं ती त्यावरून फडकं फिरवायची.

“हिची किती परत आलीत?” चाचांनी विचारलं.

“मोजायला नकोच. दिसतंयच.”

“आणि तुझी?”

“एकसुद्धा नाही!” कावेरीची मान आपोआप ताठ झाली. “तीन वर्षांत एकही नाही.”

“तेच तर...” चाचा म्हणाले.

“काय तेच?”

चाचांनी खाली पडलेलं पुस्तक उचललं, त्यावरची धूळ झटकली, मंगलच्या खणात परत खुपसलं.

“एक आण,” ते म्हणाले. “तू सांगितलेलं, परत आलेलं. एकच. शुक्रवारपर्यंत. खुर्ची तुझी.”

कावेरी बघत राहिली. चाचा थट्टा करताहेत की काय, असं तिला वाटलं. पण चाचांच्या चेहऱ्यावर थट्टेचं काही नव्हतं.

बाहेर घागर आपटली. कावेरी दचकली.

“काय चाललंय?” मंगल ओरडली. “मला सोडून चहा प्यायलासा काय?”

सोमवारची दुपार आणि मंगळवार, दोन्ही कावेरीनं मंगलकडे बघण्यात घालवले. बघायचं नाही असं ठरवूनही.

एक म्हाताऱ्या काकू तरातरा आत आल्या आणि पुस्तक मंगलच्या पुढ्यात आपटलं.

“मंगल, हे काय दिलंस गं? पाच पानांत तिघं मेली!”

“मग सहावं वाचायचं की काकू. तिथं चौथा जगतोय.”

“मला नको तुझा चौथा.”

“बरं, ऱ्हाऊ दे. घरात तुमच्या आज कोण कोण हाय? सून माहेरी गेलीया न्हवं? मग निवांत हाय तुम्ही. हे न्या. ह्यात कोण मरत न्हाई. पण शेवटाला तुम्हाला लेखकाला मारावंसं वाटंल.”

काकू हसल्या. स्टुलावर बसल्या. अर्धा तास बसल्या. जाताना मंगलच्या गालावरून बोटं मोडून गेल्या.

कावेरी रॅकच्या मागं उभी होती. तिनं हातातल्या पुस्तकांची चळत नको तितकी सरळ केली. तीन वर्षांत तिच्या गालावरून कुणी बोटं मोडली नव्हती. तिच्याकडचं गिऱ्हाईक असं आपटत यायचंच नाही. ते यायचं, नीट उभं राहायचं, ती सांगेल ते ऐकून घ्यायचं. लेखकाचा काळ, पुस्तकामागचा विचार, त्याला मिळालेला मान, सगळं ती सांगायची. गिऱ्हाईक मान डोलवायचं. पुढच्या वेळी आलं की ती विचारायची, “आवडलं ना?” आणि गिऱ्हाईक म्हणायचं, “वा!”

एक तर परत आणायचं. त्यात काय अवघड?

मंगळवारी संध्याकाळी ती उपाध्येमॅडमकडे गेली. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. दोन वर्षांत कावेरीनं सांगितलेली सात पुस्तकं त्यांनी नेली होती.

“अप्रतिम होती सगळी,” मॅडम म्हणाल्या.

“एखादं तरी नाही आवडलं?”

“छे!”

“थोडंसं? मधे कंटाळा आला असेल...”

“मुळीच नाही.”

“बरं, त्यातलं काय आवडलं?”

मॅडमनी कान टवकारले. “दूध उतू जातंय वाटतं,” म्हणाल्या आणि आत गेल्या. आत दुधाचा वास नव्हता. कावेरी पंचवीस मिनिटं बसली. भिंतीवरचं घड्याळ वाजलं तेव्हा दचकून उठली आणि बाहेरूनच “येते हं” म्हणून निघाली. आतून लगेच, अगदी दाराशी उभं असल्यासारखं उत्तर आलं, “हो हो, ये हं!”

गुरुवारी कावेरीची सुट्टी असे. अकराच्या सुमाराला ती हत्तरगींच्या दारात उभी राहिली.

शिवलिंग हत्तरगी कंपाउंडर होते. पंचेचाळीस वर्षं एकाच डॉक्टरकडे. हे तिचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक. एकदा त्यांनी एका कादंबरीबद्दल सांगितलं होतं, “ताई, माणसाच्या अस्तित्वाच्या मुळाशी जाऊन अस्वस्थ करणारी कलाकृती आहे.” कंपाउंडरच्या तोंडून ते शब्द! कावेरीला गहिवरून आलं होतं. त्या दिवशी तिनं मंगलला मुद्दाम ऐकवलं होतं, “बघ, वाचक असा घडवावा लागतो.”

दार उघडं होतं. हत्तरगी चपला घालत होते. काखेत एक पुस्तक. तिला पाहताच त्यांनी ते पाठीमागे लपवलं.

“ताई! आज... आज गुरुवार ना?”

“हो. कुठं निघालात?”

“इथंच. म्हणजे... दुकानात.”

“मी नसते ना गुरुवारी.”

“हां... म्हणूनच.”

जीभ चावली त्यांनी. पण शब्द गेला तो गेला.

कावेरी उंबऱ्यावर तशीच उभी. काखेतल्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर होतं. शाळेच्या वहीला घालतात तसं, नावाची चिठ्ठी डकवलेलं.

“ते कुणी सांगितलेलं?” तिनं विचारलं.

“मंगलताईंनी.” आणि मग, कबुलीच द्यायची तर पुरती द्यावी म्हणून, ते म्हणाले, “न्हाई आवडलं. परत द्यायला निघालोय. गुरुवारचं जाऊन भांडून येतो मी त्यांच्याशी. मग त्या दुसरं देतात.”

“आणि माझी?”

हत्तरगी आत गेले. लाकडी कपाट उघडलं. तिची नऊ पुस्तकं एका रांगेत होती. प्रत्येकाला कव्हर, प्रत्येकावर चिठ्ठी. उघडली तर करकर वाजतील अशी.

“वाचली नाहीत?”

“पहिलं वाचायला घेतलं होतं. पंधरा पानं. काही कळंना. मग म्हटलं, आपलीच अक्कल कमी.”

“पण तुम्ही म्हणालात ना... अस्तित्वाच्या मुळाशी...”

“मागच्या बाजूला छापलंय ते.” हत्तरगींनी डोळे खाली घातले. “पाठ करून यायचो ताई. शाळेत कविता म्हणायचो तसं. तुम्ही विचारायचात, आवडलं ना म्हणून. न्हाई कसं म्हणायचं?”

कावेरीचे कान तापले. पण शुक्रवार उद्यावर आला होता.

“मग द्या ना एक परत,” ती म्हणाली. “आत्ता. नाही आवडलं म्हणून द्या.”

“छे छे!”

“अहो, मीच म्हणतेय.”

“मंगलताई सांगतात, तुमचा खण अजून कोरा आहे. माझ्यामुळं डाग पडायला नको.” त्यांनी कपाट लावून घेतलं. किल्ली फिरवली. “तुम्ही एवढं मनापासून सांगता. मी इतका कृतघ्न न्हाई.”

ती हातापाया पडायची तेवढी बाकी राहिली. हत्तरगी बधले नाहीत. उलट जाताना म्हणाले, “ताई, मी गुरुवारी जातो ते... मनाला लावून घेऊ नका.”

तिनं ते मनालाच लावून घेतलं. दुसरीकडे लावायला जागाच नव्हती. रस्ताभर तिला एकच दिसत होतं. गुरुवार. पंधरा महिन्यांतले सगळे गुरुवार. ती घरी केस धुऊन गच्चीवर वाळवत बसलेली आणि तिकडे तिची माणसं एकेक करून, बुरखा घेतल्यासारखी, मंगलकडे जाताहेत. उपाध्येमॅडमसुद्धा जात असतील. नक्की जात असतील. आणि मंगल तोंडातून चकार शब्द काढत नाही!

त्या न बोलण्याचीच तिला जास्त चीड आली.

शुक्रवारी दुपारी चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. मंगल घागर घेऊन पाण्याला गेली. दुकानात कावेरी एकटी.

ती कपाटापाशी गेली. आपला खण पाहिला. पांढराशुभ्र. पूर्वी तो पाहून तिला बरं वाटायचं. आज तो खणून ठेवलेल्या खड्ड्यासारखा दिसला.

मग तिनं मंगलच्या खणात हात घातला.

कालचंच पुस्तक वर होतं. वर्तमानपत्राचं कव्हर, चिठ्ठी, ‘शि. ब. हत्तरगी’. तिनं शेवटचं पान उघडलं. कोपऱ्यात मंगलचं वेडंवाकडं नाव. टाचणीनं टोचून लिहिल्यासारखं.

कावेरीनं खोडरबर घेतलं.

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल फटकन वाजली. खोडरबर हातातून उडालं आणि रॅकखाली गेलं. ती गुडघ्यांवर बसून, हात कोपरापर्यंत धुळीत घालून ते शोधत राहिली. मिळालं. तिनं पुसलं. फुंकर मारली. आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘कावेरी नरगुंदे’.

चाचा आले तेव्हा पुस्तक तिच्या दोन्ही हातांत होतं. आरतीचं तबक धरावं तसं.

“आणलं,” ती म्हणाली.

चाचा खुर्चीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. पुस्तक घेतलं, शेवटचं पान पाहिलं.

“कुणी परत केलं?”

“हत्तरगींनी.”

“काय म्हणाले?”

“...नाही आवडलं म्हणाले.”

“का?”

“असंच.”

“हत्तरगी असंच काही करत न्हाई,” चाचा म्हणाले. “मापात औषध देणारा माणूस.”

चाचांनी पुस्तक मांडीवरच्या टोपीवर ठेवलं.

मंगल आली. ओले हात पदराला पुसत वाकून बघितलं.

“हे इथं कसं? माझ्या खणातलं की हे. कालच आलंय.”

“ह्यावर नाव कावेरीचं आहे,” चाचा म्हणाले. आवाज साधा. पावसाचं काय म्हणतात असं विचारावं तसा.

मंगलनं नाव वाचलं. मग कावेरीकडे पाहिलं. कावेरीनं फरशीकडे पाहिलं. एका फरशीला तडा गेला होता, आणि तीन वर्षांत तो तिला कधी दिसला नव्हता.

मंगलनं पुस्तक घेतलं आणि अंगठ्यानं मधलंच एक पान उघडलं. समासात निळ्या शाईनं लिहिलेलं होतं. ती मोठ्यानं वाचू लागली.

“‘मंगलताई, इंजेक्शन असं देत नाहीत. पेशंट मरेल. लेखकाला कळवा. शि. ब. हत्तरगी.’”

कावेरीनं शेवटचं पान तेवढं उघडलं होतं. मधे काय आहे ते तिनं पाहिलंच नव्हतं.

आता वीज पडणार, असं वाटून तिनं डोळे मिटले. पण मंगलचा आवाज, तो सायकलवाल्याला ऐकू जाणारा आवाज, एकदम खाली आला.

“ताई... मला परत आलेलंसुद्धा तुम्हाला पाहिजे?”

मंगलनं कव्हरवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

“शिव्या मी खाल्ल्यात ह्याच्या. अर्धा तास. उभ्यानं. त्यांनी मला सिरिंज कशी धरायची ते पेन घेऊन दाखवलं. आणि नाव तुमचं?”

“तुझ्याशी भांडायला येतात लोक!” कावेरी म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. “सगळे तुझ्याशी भांडतात. माझ्याशी कुणी... माझ्याशी कुणी एक शब्द भांडत नाही.”

चाचांनी खिशातून पेन्सिल काढली. कावेरीपुढे धरली.

“तिचं नाव परत लिही.”

कावेरीनं आपलं नाव पुसलं. खाली मंगलच्या जुन्या अक्षरांचे चरे अजून कागदात होते. तिनं त्या चऱ्यांवरूनच पेन्सिल फिरवली. वेडंवाकडं नाव पुन्हा वेडंवाकडंच उमटलं.

“खुर्ची मंगलची,” चाचा म्हणाले.

कावेरीनं मान हलवली.

“आता मला एक सांग.”

“काय?”

“पुस्तक. चार महिने पडून ऱ्हायचंय. काय वाचू?”

कावेरीनं नाक पुसलं. सवयीनं तिची पाठ सरळ झाली.

“ते तीन खंडांचं न्या. एवढा मोठा सन्मान मिळालेला. त्या काळाचा सगळा पट त्यात...”

“तू किती खंड वाचलेस?”

“दीड.”

मंगलला हसू फुटलं. चाचांनी तिच्याकडे पाहिलं, तशी ती घागरीकडे बघू लागली.

“तुला काय आवडलं, ते सांग,” चाचा म्हणाले.

“ते सांगण्यासारखं नाही.”

“मग तेच सांग.”

“लोक हसतील.”

“मी एकटाच तर हाय.”

“मी पण हाय,” मंगल म्हणाली.

“तू कान झाक.”

मंगलनं खरंच दोन्ही कानांवर हात ठेवले. बोटं मात्र फाकवून.

कावेरी बोलली ती एवढ्या हळू, की चाचांना पुढं वाकावं लागलं.

“एका बाईचं पुस्तक आहे. तिचा नवरा दीपगृहात कामाला होता. समुद्रात, खडकावर. तिथं तिनं कोंबड्या पाळल्या. वाऱ्यानं त्या उडून जायच्या. म्हणून ती त्यांच्या पायाला दोरी बांधून दुसरं टोक कमरेला बांधायची. त्या सगळ्या कोंबड्यांचं लिहिलंय तिनं. एकेकीचं. एवढंच आहे त्यात. मी होस्टेलला असताना वाचलं. तीनदा. चौथ्यांदा शेवट वाचवेना, म्हणून आधीच थांबले.”

“कोंबड्या?” मंगल कानांवरचे हात न काढता म्हणाली.

“म्हणूनच सांगत नव्हते!”

“कुठं हाय ते?” चाचांनी विचारलं.

“घरी. गादीखाली.”

“आण.”

ती गेली आणि धापा टाकत आली. पुस्तकाचा पुठ्ठा मऊ पडलेला, एका पानावर आमटीचा पिवळा डाग. शेवटच्या पानावर नाव लिहायला तिनं पेन्सिल टेकवली आणि टोक मोडलं. दुसरी घेतली. कधीच न लिहिल्यासारखं नाव लिहिलं.

“नाही आवडलं तर...” ती म्हणाली.

चाचांनी पुस्तक पिशवीत टाकलं. काठी घेतली. गेले.

त्या रात्री ती झोपली, पण झोपेत दोनदा उठून बसली. आता ते कुठल्या पानावर असतील? पांढरी कोंबडी आली असेल का? एकदा तिच्या मनात आलं, जावं, दार ठोठावावं आणि पुस्तक परत मागून आणावं. दुसऱ्या कुणी त्या बाईच्या खडकावर पाय ठेवलाय, हेच तिला सहन होईना. मंगलचा हेवा त्यापुढे लहान वाटू लागला. हे काहीतरी वेगळंच जळत होतं.

शनिवारी दुपारी रिक्षा दुकानापुढे थांबली. हुबळीच्या गाडीला थोडाच वेळ होता. मागच्या सीटवर चाचांची वळकटी आणि डब्यांची पिशवी.

मंगल खुर्चीवर बसली होती. नवी साडी, खुर्चीत उशी. सकाळपासून तिच्याभोवती नऊ जण येऊन गेले होते, आणि कावेरीनं नऊच्या नऊ मोजले होते.

चाचा आत आले. गुडघा धरून हळूच समोरच्या स्टुलावर टेकले. गिऱ्हाइकाच्या जागी.

मंगल फुलून गेली. “बोला चाचा! तुम्ही माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. काय सांगू वाचायला?”

चाचांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं.

“कावेरी...”

कावेरी रॅकमागून आली. चाचांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

तिचं तोंड एवढंसं झालं. पुस्तक तिच्या ओळखीचं होतं, तरी हाताला परकं लागलं. आवडलं ना, हे शब्द ओठांपर्यंत आले. तिनं ते गिळले.

“कुठं सोडलंत?” तिनं विचारलं.

“एकेचाळिसाव्या पानावर.”

“एकेचाळीस? अहो चाचा, बेचाळिसावर तर वादळ येतं! दोरी तुटते! एक पान, फक्त एक पान पुढं गेला असतात तर... असं कुणी सोडतं का पुस्तक? ती बाई रात्रभर त्या खडकावर पालथी पडून राहते, आणि तुम्ही तिला तिथं तशीच सोडून...”

“येईल की ती सकाळी घरी.”

“नाही येत! म्हणजे... येते. पण तुम्हाला काय कळणार? तुम्ही वाचलंच नाहीत!”

तिचा आवाज चढला होता. समोरच्या दुकानातला सायकलवाला पंप थांबवून बघायला लागला.

“खुर्चीवर मी बसलीया,” मंगल म्हणाली. चेहरा पार उतरला होता तिचा. “आणि पुस्तक हिला विचारायलासा?”

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला.

“अहो चाचा, गाडी!” तो ओरडला.

चाचांनी काठी भिंतीला टेकवली. पाय लांब केले. गुडघ्यावर हात फिरवला.

“कोंबड्या फार आहेत बेटा,” ते म्हणाले. “दुसरं सांग.”